ऑप्शन फॉर्म कुणी भरायचा?

प्रश्न : अशोक चौकाजवळ आमचा टॉवेलचा कारखाना आहे. मुलगी बारावी सायन्सला ८१ टक्क्यांनी पास झाली, सीईटीही दिली. आता म्हणते, मानसशास्त्रात बी.ए. करायचंय. सायन्स सोडून आर्ट्स म्हणजे दोन वर्षं पाण्यात. गणिताला घाबरणारी मुलं तिकडे जातात. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम, मी परस्पर भरलाय : सगळीकडे कॉम्प्युटर, पहिलं कॉलेज वालचंद. तिची आई वीस दिवस तिच्याशी बोलत नाही. तिची समजूत घालाल का?
– एक वडील, सोलापूर

उत्तर : नमस्कार. मार्कांपेक्षा मी 'परस्पर' या शब्दाशी अडले. मोबाईल तुमचा, ओटीपी तुम्हाला आला, फॉर्म भरून झाला. वर्गात चार वर्षं बसणार ती. आणि वीस दिवसांचा अबोला! शेजारी बसून भाकरी खायची आणि आईने मान वर करून बघायचंही नाही, ही शिक्षा झाली. तिने गुन्हा काय केला, ते पत्रात सापडलं नाही. तिला मानसशास्त्र का हवंय, हेही नाही. एकदा तरी विचारलंत का?

कॉम्प्युटरला माझा विरोध नाही. तिला हवं असतं, तर तुमच्या आधी मीच वालचंद म्हटलं असतं.

गणिताचं मात्र तुम्ही साफ चुकीचं धरून बसलात. १८७९ मध्ये विल्हेल्म वुंट यांनी जर्मनीत लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली, तेव्हापासून हा विषय मोजमापाचा आहे. सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध या संख्याशास्त्रातून सुटका नाही; प्रयोग करून जर्नल लिहावं लागतं, मेंदू आणि चेतासंस्था शिकावी लागते. सायन्सची दोन वर्षं तिथे उपयोगीच पडतील.

पण तिनेही एक ऐकावं. नुसत्या बी.ए.वर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांवर औषधांविना उपचार करणारी तज्ज्ञ, होता येत नाही. पुढे एम.ए., भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं क्लिनिकल प्रशिक्षण, मग परिषदेकडे नोंदणी. औषधं लिहून द्यायची असतील, तर एमबीबीएस करून मनोविकारशास्त्रात एमडी. ती वाटच वेगळी. पल्ला लांबचा आहे, कमाई उशिरा सुरू होते. एवढं ठाऊक असूनही तिला हेच हवंय का, ते मला तिच्याकडून कळायला हवं.

म्हणून तिची समजूत मी घालणार नाही. आज कारखान्यातून घरी गेलात की लॉगिन-पासवर्ड तिच्या हातात द्या. वहिनींना म्हणावं, आधी लेकीला जेवायला हाक मारा, कॉलेजचं नंतर बघू. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या, तुम्ही न वाचता.