नाशिकचे रस्ते दर पावसाळ्यात का उखडतात? उपाय काय?

मूळ शत्रू पाणी. डांबराला बारीक भेग पडली की पाणी आत झिरपतं, खडीचा थर सैल होतो, वरून जड गाडी गेली की खड्डा. त्यात आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी खाली काळी माती, ती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. म्हणून भेगा मे महिन्यातच भरायला हव्यात, गटारी उपसायला हव्यात. भर पावसात टाकलेला मुरूम टिकत नाही, हे आमच्या इंदिरानगरात दरवर्षी बघतो आणि जीव तुटतो.

जागतिक बँकेने १९९४ मध्ये आफ्रिकेचा हिशेब मांडला होता: आधीच्या दशकात वेळच्या वेळी देखभालीवर १२ अब्ज डॉलर खर्चले असते, तर पुनर्बांधणीचे ४५ अब्ज वाचले असते. आपल्या नगरसेवकांना एप्रिलमध्येच गटारींबद्दल विचारा, जुलैमध्ये नको.