जुन्या मारुती ८०० चं इंजिन धुताना

प्रेशर वॉशरचा विचार आधी डोक्यातून काढ. सर्व्हिस सेंटरवाले मारतात फवारा, पण कार्ब्युरेटरवाल्या गाडीत डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगला स्पार्क वाटून देणाऱ्या भागाच्या) कॅपमध्ये ओल शिरली की स्पार्क भलतीकडे जातो आणि गाडी एकतर सुरूच होत नाही, नाहीतर मिसिंग करते, म्हणजे झटके देत चालते.

इंजिन हाताला जेमतेम कोमट लागेल इतकं निवू दे. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढ. डिस्ट्रिब्युटर, कॉइल, अल्टरनेटर आणि एअर फिल्टरचं तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी गच्च बांध. ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण घट्ट आहे ना, तेही बघ.

जाड चिखल-ऑइल आधी सुकंच खरवडून कागदावर घे, गटारात जाऊ देऊ नकोस. गॅरेजमध्ये सर्रास डिझेल किंवा रॉकेल मारतात. मला ते पटत नाही: रबरी होज फुगतात, आगीची भीती वेगळीच. पेट्रोल तर नकोच नको. पाण्यात मिसळणारा डिग्रीझर (तेलकट मळ सोडवणारं द्रावण) आण, खालून वर मार, पाच-दहा मिनिटं मुरू दे, पण वाळू देऊ नकोस. कोपऱ्यांना जुना टूथब्रश. फॅनबेल्टवर डिग्रीझर उडाला तर नीट धू, नाहीतर बेल्ट घसरून किंचाळतो.

मग मगाने किंवा साध्या पाइपच्या हलक्या धारेने वरून खाली धू. पंक्चरवाल्याकडच्या हवेने प्लगचे खड्डे फुंकून घे, डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडून आतून पूस, बॉनेट उघडं ठेवून उन्हात वाळव.

दोन दिवसांनी टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) कडेने पांढरं फडकं फिरव. तेल लागलं तर त्याखालचं गॅस्केट (तेल अडवणारी पट्टी) गेलंय.