मुख्यतः पक्क्या रस्त्यावर चालणाऱ्या एसयूव्हीसाठी ऑल-टेरेन टायर निवडताना काय पाहावे?

तुम्ही विचारले आहे की एसयूव्हीचे मूळ टायर घासत आले आहेत, गाडी बहुतेक वेळ डांबरी रस्त्यावर आणि महामार्गावर चालते, अधूनमधून खडीच्या किंवा मातीच्या वाटेने जावे लागते, तर अशा वापरासाठी ऑल-टेरेन टायर (पक्क्या आणि कच्च्या अशा दोन्ही वाटांसाठी बनवलेले) घ्यावेत का आणि घ्यायचे झाल्यास कोणते. माझे मत असे आहे की घ्यायला हरकत नाही, मात्र ते सौम्य नक्षीचे, साध्या बांधणीचे आणि गाडीच्या मूळ मापाचेच असावेत. दोन टायरांपैकी एक निवडण्याची वेळ आली, तर चिखलात कोणता सरस ठरतो हे बाजूला ठेवून, ओल्या डांबरावर कोणत्या टायरवर गाडी कमी अंतरात थांबते हे आधी पाहावे. ब्रँडचा विचार त्यानंतरचा आहे.

ऑल-टेरेन या एका नावाखाली खूप वेगवेगळे टायर विकले जातात. एका टोकाला असा टायर असतो की तो लांबून साध्या हायवे टायरसारखाच दिसतो, फक्त त्याचे ठोकळे (नक्षीतील रबराचे उंचवटे) थोडे मोठे आणि खाचा थोड्या खोल असतात. दुसऱ्या टोकाचा टायर मड-टेरेनला, म्हणजे खास चिखलासाठीच्या टायरला, खेटून बसतो आणि त्याचे ठोकळे साइडवॉलपर्यंत, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीपर्यंत, उतरलेले असतात. हायवे टायरची नक्षी नवी असताना साधारण ८ ते ९ मिलिमीटर खोल असते, तर ऑल-टेरेनची बहुधा १० ते १३ मिलिमीटर. या तीन-चार मिलिमीटरमध्ये आणि ठोकळ्यांमधील मोकळ्या जागेत या टायरचे बहुतेक गुण आणि बहुतेक दोष सामावलेले असतात. खाच रुंद आणि खोल असली की खडी, माती आणि साचलेले पाणी यांना बाजूला सरकायला जागा मिळते. परंतु तेवढ्याच प्रमाणात डांबराला प्रत्यक्ष टेकणारे रबर कमी होते, आणि उंच ठोकळा ब्रेक लावताना किंवा वळणावर मुळापासून वाकत असल्यामुळे स्टीअरिंगचा प्रतिसाद किंचित सैल वाटतो.

ओल्या रस्त्याबाबत एक गैरसमज सर्रास आढळतो. खाचा खोल असल्यामुळे ऑल-टेरेन टायर पावसात अधिक सुरक्षित असलाच पाहिजे, असे अनेकांना वाटते. रस्त्यावर पाणी साचलेले असेल आणि टायर नवा असेल, तर खोल खाचांचा फायदा खरोखर होतो, कारण पाण्यावर टायर तरंगण्याची शक्यता कमी होते. पण नुसत्या ओल्या डांबरावर, जिथे पाण्याचा पातळ थर असतो, तिथे पकड मुख्यतः रबराच्या मिश्रणावर आणि ठोकळ्यांवरील बारीक चिरांवर अवलंबून असते. दगडाने तुकडे पडू नयेत म्हणून ऑल-टेरेनचे रबर अनेकदा कणखर ठेवलेले असते, आणि तो कणखरपणा ओल्या रस्त्यावर महागात पडू शकतो. म्हणून टायर हातात घेऊन पाहण्याची संधी मिळाली, तर ठोकळ्यांवर बारीक चिरा किती आहेत आणि त्या किती खोल गेल्या आहेत हे अवश्य पाहावे. काही टायरांत त्या वरवरच्या असतात आणि टायर अर्धा घासला की नाहीशा होतात. मग खाच शिल्लक दिसते, पण ओल्या रस्त्यावरील पकड राहिलेली नसते. युरोपीय लेबल उपलब्ध असेल, तर त्यावर ओल्या रस्त्यावरील पकडीची श्रेणी ए ते ई या अक्षरांत आणि बाहेरील आवाज डेसिबलमध्ये दिलेला असतो. दोन टायरांची तुलना करायला जाहिरातीतील चिखल उडवणाऱ्या छायाचित्रापेक्षा हे लेबल कितीतरी उपयोगी आहे.

आवाजाविषयी थोडक्यात सांगतो. ठोकळे रस्त्यावर आपटतात आणि त्यांच्यामध्ये अडकलेली हवा दाबली जाऊन सुटते, त्यातून ती घरघर निर्माण होते. एकाच सुरात गुणगुण होऊ नये म्हणून ठोकळ्यांचे आकार मुद्दाम लहानमोठे ठेवलेले असतात आणि चांगल्या सौम्य टायरमध्ये हे इतके साधलेले असते की गाडीत संगीत सुरू असताना फरक जाणवत नाही. मात्र नव्या टायरचा आवाज ऐकून निष्कर्ष काढू नये. पुढे सांगितल्याप्रमाणे, तो खरा वाढतो तो टायर वेडावाकडा घासल्यावर. इंधनाचा खर्चही थोडा वाढतो, कारण टायर फिरताना रबर सतत दबते आणि सुटते, त्यात काही ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, आणि ऑल-टेरेनमध्ये असे दबणारे रबर मुळातच जास्त असते.

आता हे सर्व सोसण्याइतकी तुमची कच्ची वाट अवघड आहे का, हे प्रामाणिकपणे ठरवावे लागेल. कोरडी, दाबलेली मातीची वाट असेल, तर चांगला हायवे टायरही तिथे बिनतक्रार चालतो. वाळूत नक्षीपेक्षा हवा कमी करून टायर पसरू देणे जास्त कामाचे असते. चिकणमातीच्या गाळात तर सौम्य ऑल-टेरेनच्या खाचा काही फेऱ्यांतच भरून जातात आणि तो गुळगुळीत टायरसारखा फिरू लागतो. तिथे मड-टेरेनच लागतो, आणि मड-टेरेन महामार्गावर वापरणे हा तुमच्या प्रश्नाच्या बाहेरचा विषय आहे. ऑल-टेरेनचा खरा उपयोग सैल खडीचा चढ, टोकदार दगडांची वाट, ओले गवत आणि उथळ चिखल यांवर होतो, आणि तोही केवळ पकडीसाठी नव्हे, तर टायर कापला जाऊ नये यासाठी. तुमच्या वाटेवर अशी खडी असेल, तर माझ्या मते हा खर्च आणि तडजोड योग्य आहे. केवळ गाडी रांगडी दिसावी म्हणून घ्यायचे असतील, तरीही घ्या, त्यात लाजण्यासारखे काही नाही. फक्त मग सर्वांत सौम्य नक्षीचाच घ्या.

यापुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि नेमकी तीच विक्रेत्याशी बोलताना सुटून जाते. टायरची बांधणी दोन प्रकारची असते. मापाच्या आधी ‘एलटी’ ही अक्षरे असतील, तर तो हलक्या मालवाहू वाहनांच्या बांधणीचा टायर आहे. ‘पी’ असेल किंवा काहीच नसेल, तर तो प्रवासी गाडीच्या बांधणीचा आहे. एलटी टायरचे थर अधिक मजबूत, साइडवॉल जाड आणि नक्षी बहुधा जास्त खोल असते. त्यातील ‘ई’ या लोड रेंजचा (भार पेलण्याच्या वर्गाचा) टायर ८० पीएसआयपर्यंत हवा घेऊ शकतो. दगडाळ डोंगरवाटेवर पूर्ण भाराने जाणाऱ्यांसाठी तो उत्तमच आहे. पण तुमच्यासारख्या वापरात तो अनेक बाजूंनी त्रास देतो. त्याच मापाच्या साध्या टायरपेक्षा तो चार-पाच किलोंनी सहज जड असू शकतो, आणि हे वजन स्प्रिंगच्या खालच्या बाजूला असल्यामुळे लहान खड्डेही गाडीत आदळल्यासारखे जाणवतात. शिवाय तोच भार पेलण्यासाठी त्याला साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते. दरवाजाच्या चौकटीवरील पट्टीवर लिहिलेला हवेचा दाब मूळ टायरसाठी असतो. एलटी टायरमध्ये तेवढीच हवा भरली, तर तो त्या भारासाठी कमी भरलेला ठरू शकतो, आणि कमी हवेचा टायर महामार्गावर तापतो. म्हणून एलटी घ्यायचाच असेल, तर टायर कंपनीच्या भार आणि दाबाच्या तक्त्यावरून दाब ठरवून घ्यावा.

यातील मेख अशी की एकाच नावाचा टायर अनेकदा दोन्ही बांधणींत मिळतो. मित्राच्या गाडीवर जो टायर शांत आणि मऊ चालतो, त्याच नावाचा एलटी टायर तुमच्या गाडीवर कडक आणि जड वाटू शकतो, आणि दोष मात्र त्या नावाला लागतो. त्यामुळे चौकशी करताना केवळ मॉडेलचे नाव न सांगता, साइडवॉलवरील संपूर्ण ओळ वाचून तीच मागावी. मापानंतर जो अंक आणि अक्षर येते, उदाहरणार्थ ११२ टी, त्यातील ११२ म्हणजे एका टायरला १,१२० किलो भार आणि टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरची मर्यादा. हा अंक गाडीच्या मूळ टायरपेक्षा कमी असलेला टायर कोणीही कितीही आग्रह केला तरी घेऊ नये. ऑल-टेरेनमध्ये वेगाचे अक्षर एखादी पायरी खाली येणे सामान्य आहे; ते गाडीच्या माहितीपुस्तिकेत आणि तुमच्याकडील नियमांत बसते का, एवढे तपासावे.

मापाच्या बाबतीत मोह आवरावा, हे मी आग्रहाने सांगेन. समजा मूळ माप २३५/६५ आर १७ आहे. त्याचा बाहेरचा व्यास सुमारे ७३७ मिलिमीटर भरतो. त्याऐवजी २४५/६५ आर १७ घेतला, तर व्यास ७५० मिलिमीटर होतो, म्हणजे पावणेदोन टक्क्यांची वाढ, आणि तो बहुधा चाकाच्या कमानीत निमूटपणे बसतो. पण भारदस्त दिसतो म्हणून २४५/७० आर १७ बसवला, की व्यास सुमारे ७७५ मिलिमीटरवर, म्हणजे ५ टक्क्यांनी वर जातो. आता स्पीडोमीटरचा काटा पूर्वीपेक्षा तेवढाच मागे राहील, गिअर लांब झाल्यासारखे वाटून गाडी चढावर मंदावेल, आणि पूर्ण स्टीअरिंग फिरवल्यावर टायर आतील प्लास्टिकला घासण्याची शक्यता निर्माण होईल. एवढे करून गाडीची उंची वाढते ती व्यासातील वाढीच्या निम्मी, म्हणजे जेमतेम १९ मिलिमीटर. व्यासात ३ टक्क्यांहून अधिक फरक पडू देऊ नये, असा जो प्रघात आहे, तो याच कारणांमुळे आहे.

साइडवॉलवर ‘एम अँड एस’ असे लिहिलेले असते, त्याला फार वजन देऊ नये, कारण ते नक्षीच्या रचनेवरून दिले जाते आणि त्यासाठी प्रत्यक्ष चाचणी आवश्यक नसते. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेले चिन्ह मात्र दाबलेल्या बर्फावरील ठरावीक चाचणीनंतरच मिळते. तुमच्याकडे बर्फ पडत असेल, तर हे चिन्ह असलेलाच टायर घ्यावा. पडत नसेल, तर त्यासाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही, कारण ते चिन्ह चिखलाविषयी किंवा पावसाविषयी काहीच सांगत नाही.

नावे हवीच असतील, तर दिशा म्हणून सांगतो. योकोहामाचा जिओलँडर ए/टी जी०१५ आणि फाल्कनचा वाइल्डपीक ए/टी ट्रेल हे रस्त्याकडे झुकलेले पर्याय आहेत. त्यातील दुसरा तर मोनोकॉक बांधणीच्या (कारसारख्या एकसंध सांगाड्याच्या) क्रॉसओव्हर गाड्या डोळ्यांसमोर ठेवूनच तयार केलेला आहे. मिशलिनचा एलटीएक्स ट्रेलही याच वाटेचा. बीएफगुडरिचचा केओ२ आणि त्याचा वारस केओ३ यांचे नाव मोठे आहे आणि ते योग्यच आहे, पण त्यांची ख्याती खडकाळ वाटांवर टिकण्याबद्दलची आहे. ज्याची गाडी कार्यालयाच्या वाहनतळात उभी राहते, त्याने ते घेणे म्हणजे नको असलेली ताकद विकत घेणे होय.

गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह असेल, तर चारही टायर एकदम आणि एकसारखे बदलावेत. पुढे नवे ऑल-टेरेन आणि मागे घासलेले हायवे टायर ठेवले, तर दोन्ही धुऱ्यांचे फेरे जुळत नाहीत आणि मधल्या कपलिंगला (पुढची आणि मागची चाके जोडणाऱ्या भागाला) तो फरक सतत पचवावा लागतो. गाडी दोन चाकांच्या ड्राइव्हची असली, तरी पुढची पकड एक आणि मागची दुसरी, हे पावसाळी वळणावर अंगाशी येऊ शकते. स्टेपनी पूर्ण आकाराची असेल, तर पाचवा टायरही त्याच मॉडेलचा घेऊन तो अदलाबदलीत फिरवणे सर्वांत चांगले. खरेदी करताना साइडवॉलवरील निर्मितीचा चार अंकी आकडा वाचावा: २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३ वा आठवडा. पाचही टायरांची तारीख वाचावी, कारण एखादा जुना टायर त्यांत मिसळून जाऊ शकतो.

टायर बसवल्यानंतर अलाइनमेंट करून घ्यावे आणि दर ८,००० ते १०,००० किलोमीटरला चाकांची जागा बदलावी. हे हायवे टायरमध्ये एखादे वेळी टळले तरी चालून जाते. ऑल-टेरेनमध्ये चालत नाही. उंच ठोकळ्याची एक कड दुसरीपेक्षा लवकर झिजते, आणि डोळ्यांना काही दिसण्याच्या आधी ते हाताला कळते. गाडी उभी असताना तळहात टायरच्या नक्षीवरून आधी एका दिशेने आणि मग उलट दिशेने फिरवावा. एकीकडे हात सरळ घसरला आणि दुसरीकडे करवतीच्या दात्यांसारखा अडला, तर अदलाबदलीची वेळ होऊन गेली आहे असे समजावे. हीच झीज पुढे मोठ्या घरघरीचे रूप घेते आणि मग ती कोणत्याही बॅलन्सिंगने जात नाही. हाताला दातेरीपणा लागला असेल, तर अलाइनमेंट आणि हवेचा दाब त्याच दिवशी तपासून घ्यावा. आणि कच्च्या वाटेसाठी हवा कमी केली असेल, तर डांबरावर वेग घेण्यापूर्वी ती पुन्हा भरता यावी म्हणून एक लहान कॉम्प्रेसर गाडीत कायमचा ठेवावा.