पहिल्यांदाच कॉन्टॅक्ट लेन्स घ्यायच्या आहेत. डेली, मंथली की इयरली?

तुम्ही लिहिलंय की दोन्ही डोळ्यांना मायनस ४.५० नंबर आहे, उजव्याला १.२५ सिलिंडरही (डोळ्याची वक्रता सगळीकडे सारखी नसल्याने लागणारा तिरपा नंबर) आहे, दिवसभर संगणकावर काम असतं आणि आठवड्यातून दोनदा पोहायला जाता. तुमच्या जागी मी असते तर सिलिकॉन हायड्रोजेल या मऊ मटेरियलच्या डेली, म्हणजे एक दिवस वापरून फेकायच्या लेन्स घेतल्या असत्या, उजव्या डोळ्यासाठी टोरिक, म्हणजे सिलिंडरचा नंबर असलेली. अर्थात डोळे तपासून आणि ट्रायल घेऊनच. मी चौदा वर्षं लेन्स वापरतेय आणि त्यातली पहिली तीन वर्षं चुकीच्या लेन्समध्ये काढली, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मी चष्म्याचा कागद दाखवून दुकानातून थेट इयरली लेन्स घेतल्या होत्या. दिसायचं अगदी स्वच्छ, त्यामुळे लेन्स बरोबर आहे असंच धरून चालले. दुपारी चार वाजले की डोळे चुरचुरायचे, सहापर्यंत लाल व्हायचे. तिसऱ्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी यंत्राखाली डोळा बघितला आणि त्याचा फोटो मला दाखवला. पांढऱ्या भागातून बारीक लाल रेषा कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या कडेत शिरल्या होत्या. कॉर्नियात एरवी रक्तवाहिन्या नसतात. त्याला लागणारा ऑक्सिजन मुख्यतः हवेतून, अश्रूंवाटे मिळतो, आणि लेन्स नेमकी त्या वाटेवर बसते. पुरेसा ऑक्सिजन पोचला नाही की रक्तवाहिन्या बाहेरून आत वाढू लागतात. नंबर बरोबर होता, पण ती लेन्स रोज बारा तास घालण्याजोगी नव्हती.

म्हणून आधी मटेरियल बघा. साध्या हायड्रोजेलमधून (पाणी धरून ठेवणारं मऊ प्लास्टिक) ऑक्सिजन लेन्समधल्या पाण्यातून जातो. १९९० च्या दशकाच्या शेवटी आलेल्या सिलिकॉन हायड्रोजेलमध्ये तो सिलिकॉनमधूनही जातो, त्यामुळे कितीतरी जास्त पोचतो. पाकिटावर ‘पाण्याचं प्रमाण ५८ टक्के’ वाचून मलाही ती लेन्स ओलसर राहील असं वाटलं होतं. पण साधी, जास्त पाण्याची लेन्स कोरड्या हवेत स्वतःच सुकत जाते. स्क्रीनकडे बघताना आपल्या पापण्याही कमी मिटतात, त्यात एसी असेल तर संध्याकाळ जड जाते. तुमचं काम बघता हा मुद्दा मी सगळ्यात वर ठेवेन.

आता सिलिंडर. ०.५० असता तर बहुधा साध्या लेन्सवर भागलं असतं. १.२५ ला भागत नाही, अक्षरांना सावली येते आणि दिवसाअखेर डोकं दुखतं. टोरिक लेन्स डोळ्यावर ठरावीक कोनातच बसावी लागते, म्हणून पुष्कळ टोरिक लेन्सचा खालचा भाग किंचित जाड ठेवलेला असतो. शिवाय ती किती फिरली हे तपासणाऱ्याला कळावं म्हणून तिच्यावर बारीक खूण असते. कुशीवर पडून वाचताना ती थोडी फिरते आणि अक्षरं धूसर होतात, उठून चार वेळा पापण्या मिटल्या की पुन्हा जागेवर येते. त्याला घाबरू नका. पण बसल्याबसल्या सारखंच असं होत असेल तर ती कंपनी तुमच्या डोळ्याला बसत नाही, दुसरी मागा.

चष्म्याचा नंबर जसाच्या तसा लेन्सला चालत नाही, हेही लक्षात ठेवा. चष्मा डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर लांब असतो, लेन्स डोळ्यावरच असते. त्यामुळे मायनस ४.५० चा लेन्समध्ये साधारण ४.२५ होतो. वक्रता आणि व्यासही जुळावे लागतात. लेन्स घट्ट बसली तर सुरुवातीला आरामशीर वाटते आणि नंतर त्रास देते.

मंथली लेन्स वाईट नाहीत, मी स्वतः पाच वर्षं वापरल्या. पण त्यांना रोजची शिस्त लागते. काढल्यावर तळहातावर सोल्यूशन घालून चोळायच्या, डबीत दर वेळी नवं सोल्यूशन घ्यायचं (कालच्यात भर घालायची नाही), आणि डबी तीन महिन्यांत बदलायची. महिना पाकीट उघडल्या दिवसापासून मोजायचा, घातलेल्या दिवसांचा नव्हे. रात्री कंटाळा येणार असेल तर खरंच डेली घ्या. खर्च जास्त वाटला तर आठवड्यातले दोन-तीन दिवस चष्मा वापरा, डोळ्यांनाही विसावा मिळतो. इयरली मात्र नकोच. हार्ड म्हणजे आरजीपी (ऑक्सिजन जाऊ देणाऱ्या कडक) लेन्स केराटोकोनससारख्या, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो अशा आजारात फार उपयोगी आहेत, तुम्हाला सध्या गरज दिसत नाही.

पोहण्याबद्दल मी कळकळीने सांगते, लेन्स घालून पाण्यात उतरू नका. नळाच्या आणि तलावाच्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. तो लेन्सखाली अडकून कॉर्नियात शिरला तर उपचार महिनोन्‌महिने चालतात. नंबरचा स्विमिंग गॉगल मिळतो, तो घ्या. लेन्स किंवा डबी पाण्याने धुवायची नाही, तीही याच कारणाने. लेन्स घालून झोपूही नका.

ट्रायलच्या वेळी लेन्स पंधरा-वीस मिनिटं डोळ्यात स्थिरावू द्या, मगच तपासून घ्या. पण तेवढ्यावर ठरवू नका. ट्रायल जोडी घालून कामाचा एक पूर्ण दिवस काढा आणि पुढची तपासणी संध्याकाळची घ्या, लेन्स घालूनच जा. सकाळी मलाही सगळ्या लेन्स छानच वाटायच्या. घालताना लेन्स बोटाच्या टोकावर घेऊन बाजूने बघा. वाटीसारखी दिसली तर सुलटी, बशीसारखी कड बाहेर पडली तर उलटी.

आणि कधी डोळा दुखला, लाल झाला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसू लागलं, तर लेन्स लगेच काढा. थेंब घालून वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. काढलेली लेन्स फेकू नका, डबीसकट सोबत न्या. जंतुसंसर्ग असेल तर तपासणीला ती लागते.