युगांडाला निघण्याआधी

प्रिय भावा, प्रभूमध्ये सलाम!

तीन वर्षांच्या मिशनरी सेवेसाठी तू युगांडाला निघालास, याचा फार आनंद झाला. बॅग भरायला शेवटचा आठवडाही पुरतो. पण पीतज्वराची (यलो फीवरची) लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घे. तिच्या प्रमाणपत्राशिवाय तिथे प्रवेश नाही; परतताना इथल्या विमानतळावरही ते दाखवावं लागतं, म्हणून जपून ठेव. मलेरिया तिथे बारमाही असतो. गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोल आणि मच्छरदाणीशिवाय एक रात्रही झोपू नकोस. टुरिस्ट व्हिसावर सेवा सुरू करू नकोस. कामाचा परवाना यजमान मंडळीकडून, म्हणजे तिथल्या चर्चकडून, आधीच मागव.

खरी तयारी भाषेची. शहरात इंग्रजीवर भागतं, पण राजधानी कंपाला आणि आसपास माणसांच्या मनाची भाषा लुगांडा आहे. शेतात राबणाऱ्याला तिथे ‘जेबालेको’ म्हणतात, म्हणजे कामाबद्दल शाबासकीच! मला हे अभिवादन फार आवडतं. पहिलं वर्ष उपदेश कमी कर, ऐक जास्त. इंग्रज मिशनरी फादर स्टीफन्स 1579 साली गोव्यात आले आणि कोकणी-मराठी शिकून त्यांनी आपल्याच ओवीत ख्रिस्तकथा गायली. आपल्या भाषेला त्यांनी दिलेला मान तू त्या लोकांच्या भाषेला दे.

आणि आईशी निवांत बोल. मंडळीने निरोप दिला तरी तिची संमती वेगळी घ्यावी लागते. दर रविवारी फोन करण्याचं वचन दे आणि ते पाळ.