‘टोचणार नाही’ म्हणाले होते

प्रिय मावशी,
माझा मुलगा पाच वर्षांचा आहे, वजन १६ किलो. गेल्या आठवड्यात त्याच्या खालच्या उजव्या दाढेचं रूट कॅनाल करून स्टीलची कॅप बसवली. ‘सुई नाही हं, नुसतं पाणी मारतात,’ असं सांगून मी त्याला नेलं होतं. तिथे सुई निघाली आणि मलाच त्याचे हात धरावे लागले. घरी आल्यावर त्याने बधिर ओठ चावून चावून टोमॅटोएवढा केला. दुसऱ्या दिवशी त्यावर पांढरट-पिवळा थर दिसला. पू झाला म्हणून आम्ही औषधांच्या दुकानातून अँटिबायोटिक आणलं. आता तो मला ब्रशही करू देत नाही. दोन आठवड्यांनी डावीकडची दाढ काढायची आहे. सासूबाई म्हणतात, दुधाचेच दात, आपोआप पडतील, पोराचा छळ कशाला? मला रात्री झोप लागत नाही.
– अपराधी आई, नाशिक

अगं अपराधी आई,

आधी ओठाचं सांगते, म्हणजे निदान आज तरी झोपशील. तो पांढरट-पिवळा थर म्हणजे पू नव्हे. तोंडातली जखम भरताना वर ओलसर खपली धरते, ती तशीच दिसते. आठवडा-दहा दिवसांत ओठ पूर्ववत होतो. तोवर गार पाण्यात पिळलेला मऊ रुमाल ठेवायचा, वर जरासं व्हॅसलीन लावायचं, आणि तिखट-आंबट काही दिवस बंद. चावलेल्या ओठाला सहसा अँटिबायोटिक लागत नाही. आता सुरू केलंच आहेस, तर ते चालू ठेवायचं की थांबवायचं हे दाताच्या डॉक्टरांना आजच फोन करून विचार. ते दुकानदाराने ठरवायचं नाही, आणि मीही नाही.

हा ओठ तुझ्या हलगर्जीपणामुळे चावला गेला नाही. खालच्या दाढेसाठी भूल दिली की अर्धा ओठ, गाल आणि जीभ दोन-तीन तास, कधी त्याहून जास्त वेळ बधिर राहतात. मुलाला वाटतं, तोंडात काहीतरी परकं आलंय. मग ते चावून बघतं, दुखत नाही म्हणून आणखी चावतं. दवाखान्यातून निघताना हे नीट बजावायला हवं होतं. तुला कुणी सांगितलं नसेल, तर ती चूक तुझी नाही.

खोटं बोललीस, ती मात्र तुझी. रागावू नकोस. मीही माझ्या मुलाला ‘नुसतं बघणार आहेत’ म्हणून नेलं होतं, आणि पुढे दोन वर्षं तो दवाखान्याच्या पायरीवरच भोकाड पसरायचा. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. तुझा लेक आता ब्रशही फुंकून बघतोय, इतकंच. त्याला सुईची भीती असेलच. पण ‘आई म्हणते तसं होत नाही’ ही भीती त्याहून मोठी आहे, आणि ती दूर करणं तुझ्या हातात आहे. आज रात्री जवळ घेऊन एवढंच म्हण : ‘टोचणार नाही असं मी म्हटलं होतं, ते खोटं होतं. माझं चुकलं. आता आधी खरं काय ते सांगेन.’ लांबण लावू नकोस. आणि तो टेडीचा दात काढायला लागला, टेडीला दरडावायला लागला, तर अडवू नकोस. शक्य झालं तर पेशंट हो. मुलं अशीच मोकळी होतात.

डावी दाढ काढायच्या आधी डॉक्टरांशी एकटी बोल. मुलांचे दात बघणारे डॉक्टर आधी सांगतात, मग दाखवतात, मग करतात. ही रीत १९५९ पासूनची आहे. तुमचे डॉक्टर तसं करणार नसतील, तर लहान मुलांचा दंतवैद्य शोध. सुईआधी हिरडीला बधिर करणारी जेल लावणार का, हे विचार. लेकाने हात वर केला की थांबायचं, हे त्यांच्याकडून कबूल करून घे, आणि मगच लेकाला सांग. नाहीतर ते दुसरं खोटं होईल. त्याला काय सांगशील? ‘चिमटा काढल्यासारखं टोचेल, मी दहापर्यंत मोजेन, मग ओठ जाड झाल्यासारखा वाटेल.’ आदल्या दिवशी सांग. आठवडाभर आधी सांगितलंस तर आठवडाभर रडेल. वेळ सकाळची घे आणि निघण्यापूर्वी पोटभर नाश्ता होऊ दे, म्हणजे ओठ बधिर असताना भूक लागणार नाही. पूर्ण भूल देऊन करायचं ठरलं, तर मात्र उपाशीपोटी न्यावं लागतं. तेव्हा वेळा ते सांगतील तशाच पाळायच्या.

घरी आल्यावर सासूबाईंच्या हातात घड्याळ दे. खरंच सांगते. ‘ओठ जागा होईपर्यंत याने काही चावायचं नाही, तुम्ही लक्ष ठेवा,’ म्हणालीस की त्या डोळ्यांत तेल घालून बसतील आणि गोष्टीही सांगतील. दाढेच्या जागी ठेवलेला बोळा अर्धा तास घट्ट चावून धरायला लावायचा. त्या दिवशी जोरात चूळ भरणं, थुंकणं, स्ट्रॉने पिणं आणि उड्या मारणं बंद. जखमेत धरलेली रक्ताची गाठ हलली की पुन्हा रक्त येतं. थुंकी गुलाबी दिसली तर घाबरू नकोस, रात्री उशीवर जुना टॉवेल टाक. बाकीचे दात हलक्या हाताने घासायचेच. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून हळू गुळण्या.

खाण्याची काळजी नको, आपल्या स्वयंपाकघरात आजाऱ्याचं सगळं आहे. गुरगुट्या भात, मेतकूट, साजूक तूप, नाचणीचं सत्त्व, दही, केळं. सगळं कोमट किंवा गार. बधिरपणा गेल्यावर चमच्याने आइस्क्रीमही चालेल, सुकामेवा नसलेलं. त्याने सर्दी होते म्हणून घरात भांडण झालं तर माझं नाव सांग.

लवंगेचं तेल जखमेवर लावायचं नाही. मी लावलं होतं, हिरडी भाजली. मिशरी तर मुळीच नको, तो तंबाखू आहे.

दुखण्यावरचं औषध डॉक्टरांनी लिहिलेलं, आणि पहिला डोस बधिरपणा पुरता उतरण्याआधी द्यायचा. पॅरासिटॅमॉल साधारणपणे किलोमागे १५ मिलिग्रॅम धरतात, म्हणजे तुझ्या लेकाला एका वेळी २४० च्या आसपास. इथेच लोक फसतात. बाजारात ५ मिलीत १२० मिलिग्रॅमचं सिरप मिळतं आणि २५० चंही. पहिल्याचे १० मिली लागतील, दुसऱ्याचे पाचाहून किंचित कमी. बाटली बदलली की ‘नेहमीचे दोन चमचे’ दुप्पट होतात. लेबल वाच, मापाच्या झाकणानेच दे, दोन डोसांत किमान चार तास ठेव आणि दिवसात चारच्या वर जाऊ नकोस. मुलांना ॲस्पिरिन नको. निमेसुलाईडही नको, १२ वर्षांखालच्या मुलांसाठी त्यावर आपल्याकडे २०११ पासून बंदी आहे. घरात मोठ्यांच्या गोळ्या असतात, म्हणून सांगितलं.

अर्धा तास बोळा दाबूनही रक्त थांबत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणं वाढतंय, ताप चढलाय, गाल सुजतोय किंवा पोर पाणीही पीत नाही, असं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. सूज डोळ्यापर्यंत गेली किंवा गिळायला, श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर रात्र असो वा पहाट, थेट मोठं रुग्णालय.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. दात पडणारच, पण समोरचे सहा-सातव्या वर्षी आणि मागच्या दाढा दहा-बारा वर्षांचा होईपर्यंत राहतात. तेवढी वर्षं किडकी दाढ तोंडात ठेवली तर पोर एका बाजूने चावत आणि रात्री कळवळत काढणार. काढलेल्या दाढेच्या जागेकडे शेजारचे दात सरकतात, म्हणून जागा राखणारी तार लागेल का, हेही विचारून घे. आणि रात्री दुधाची बाटली अजून चालू असेल, तर आजपासून बंद. त्याबद्दल व्याख्यान देत नाही.

राहिली ती स्टीलची कॅप. सुरुवातीला ती उंच लागते, हिरडी जरा दुखरी राहते, काही दिवसांत घास नीट बसतो. चिक्की आणि चिकट गोळ्या तेवढ्या टाळ. शाळेत कुणी ‘चांदीचा दात’ म्हणून चिडवलं तर त्याला सांग, पाचवी-सहावीत जाईल तेव्हा दाढेबरोबर कॅपही आपोआप पडेल. पडलेला दात कौलांवर टाकायचा असतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी कॅपवाली दाढ कुठे टाकायची, ते आजीला विचारायला लाव त्याला.

– मावशी