वाचकांचे प्रश्न : मुरगळलेला गुडघा आणि ‘दुरुस्तीची’ इंजेक्शने

प्रश्न : माझी आई ५६ वर्षांची असून तिला मधुमेह आहे. दिवाळीनंतर कापसाची वेचणी आटोपून परतताना धुऱ्यावरून पाय घसरला आणि उजवा गुडघा मुरगळला. सूज उतरली, पण आतल्या बाजूचे दुखणे कायम आहे. एका डॉक्टरांनी तिच्याच रक्तापासून तयार होणारे इंजेक्शन सुचवले, दुसऱ्यांनी साखरेच्या द्रावणाचे. तिची साखर वाढेल का? कोणते घ्यावे? – एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : आधी साखरेविषयी. साखरेच्या द्रावणाच्या इंजेक्शनात, म्हणजे प्रोलोथेरपीत, साधारण १२.५ ते २५ टक्के डेक्स्ट्रोज (एक प्रकारची साखर) लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारा चिवट पट्टा, हाडाला जोडलेले असते तेथे टोचतात. तेथे मुद्दाम किंचित दाह घडवून शरीराची रेंगाळलेली दुरुस्ती पुन्हा सुरू करावी, हा त्यामागचा विचार अमेरिकेतील शल्यचिकित्सक जॉर्ज हॅकेट यांनी १९५० च्या दशकात रूढ केला. त्यातील साखरेची मात्रा अल्प असते. मधुमेहींनी खरे जपावे ते स्टेरॉइडच्या इंजेक्शनला, कारण त्याने रक्तातील साखर काही दिवस चांगलीच चढू शकते आणि आपल्याकडे गुडघ्यात ‘सुई’ दिली जाते ती पुष्कळदा हीच असते. म्हणून औषधाचे नाव चिठ्ठीवर लिहून घ्यावे.

रक्तापासूनच्या इंजेक्शनात, म्हणजे पीआरपीत, रक्त यंत्रात फिरवून प्लेटलेट (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशी) एकवटलेला भाग वेगळा काढतात व दुखऱ्या जागी सोडतात. प्लेटलेटमधील वाढीचे घटक ऊतींना भरून येण्यास चालना देतात, हे प्रयोगशाळेत दिसते. गुडघ्यात मात्र चित्र इतके स्वच्छ नाही. ऑस्ट्रेलियात गुडघ्याच्या झिजेचा संधिवात असलेल्या २८८ जणांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरानंतर पीआरपी व साधे मिठाचे पाणी यांच्या परिणामात लक्षणीय फरक आढळला नाही. आपल्या आईची तक्रार लिगामेंटची की झिजेची, हेच अद्याप ठरलेले दिसत नाही, तेव्हा कापसाचे पैसे आताच यात घालणे मला पटत नाही. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा नागपूरच्या शासकीय रुग्णालयात अस्थिरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. आतल्या बाजूचे लिगामेंट अर्धवट फाटले असेल, तर पट्टा आणि मांडीच्या स्नायूंचा व्यायाम यांनी ते बहुधा भरून येते. गुडघ्याच्या मध्यातले पूर्ण तुटले असेल, तर कोणतेही इंजेक्शन ते जोडत नाही.

पुढे पीआरपी ठरलेच, तर त्याच्या आगेमागे डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या टाळाव्या लागतात; हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असल्यास ती मात्र परस्पर बंद करू नये. इंजेक्शननंतर दोन-तीन दिवस ठणका वाढणे स्वाभाविक आहे. ताप येऊन गुडघा लाल व गरम झाला, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.